पेशीच्या दारांचं वजन कसं करायचं?

आजच्या भागाचा विषय नावानं जरा दडपण आणणारा आहे: पेशीच्या पटलात बसलेली प्रथिनं आणि त्यांचा मास स्पेक्ट्रोमेट्रीनं होणारा अभ्यास. पण घाबरू नका. सगळी गोष्ट वजन करण्याची आहे.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती मेदाचं, म्हणजे लिपिडचं, दुपदरी पातळ पटल असतं. त्यात प्रथिनं रुतलेली असतात. ही पेशीची दारं समजा. कुठलं पाणी आत घेतं, कुठलं क्षार बाहेर टाकतं, कुठलं निरोप पोचवतं. आपल्या जनुकांपैकी साधारण पाव जनुकं अशा प्रथिनांसाठी आहेत आणि निम्म्याहून अधिक औषधं त्यांच्यावरच काम करतात. ॲसिडिटीवरची ओमेप्राझोल पोटातला आम्लाचा पंप बंद करते, रक्तदाबाची ॲम्लोडिपिन कॅल्शियमची वाट अडवते. पंप आणि वाट, दोन्ही पटलातली प्रथिनंच.

मग अडचण कुठे आहे? या प्रथिनांना मेदात राहायची सवय. पाण्यात आणली की ती एकमेकांना चिकटून गोळा होतात. म्हणून ती काढताना डिटर्जंट वापरतात, म्हणजे एक प्रकारचा साबणच. साबणाचे रेणू प्रथिनाभोवती कडं करतात. त्याला मायसेल म्हणतात.

आता यंत्राकडे येऊ. मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे रेणूंचा वजनकाटा. बारीक सुईतून द्रावण सोडायचं, सुईला मोठा विद्युतदाब द्यायचा. सूक्ष्म थेंब उडतात, पाणी वाळून जातं आणि विद्युतभार असलेलं प्रथिन उरतं. याला इलेक्ट्रोस्प्रे म्हणतात. यासाठी जॉन फेन यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पुढे निर्वात नळीत हे रेणू पळवायचे. भार सारखा असेल तर हलका आधी पोचतो, जड मागून. त्या वेळेवरून वजन काढायचं.

पण या यंत्राला साबण अजिबात चालत नाही. साबणाचे ढीगभर रेणू आत गेले की प्रथिनाची खूण त्यात बुडून जाते. आणि साबण आधीच काढला, तर प्रथिनाचाच गोळा होतो. म्हणजे दोन्हीकडून पंचाईत.

ही कोंडी फोडली कॅरल रॉबिन्सन यांच्या गटानं. या बाईंनी सोळाव्या वर्षी शाळा सोडली, औषध कंपनीत प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून लागल्या, नोकरी करत शिकल्या, मुलांसाठी आठ वर्षं कामापासून दूर राहिल्या. पुढे केंब्रिज आणि ऑक्सफर्ड, दोन्हीकडे रसायनशास्त्राच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. २००८ मध्ये त्यांच्या गटानं दाखवलं, की साबण आधी काढायचाच नाही. प्रथिन मायसेलसकट यंत्रात सोडायचं आणि आत गेल्यावर वायूच्या रेणूंवर आपटायचं. धक्क्याची ऊर्जा घेऊन साबण गळून पडतो आणि आतलं प्रथिन अखंड बाहेर येतं. ई. कोलाय जिवाणूत बी-१२ जीवनसत्त्व आत घेणारं चार तुकड्यांचं प्रथिन त्यांनी असं सलग तोललं.

आता मजा बघा. साखर कारखान्यावर उसाची गाडी भरलेली तोलतात, रिकामी तोलतात, फरक म्हणजे ऊस. इथेही तसंच. प्रथिनाचं वजन समजा सव्वा लाख डाल्टन. शेजारी सातशेनं जास्त वजनाची दुसरी खूण दिसली, तर त्याला एक लिपिड धरून बसलंय. चौदाशेनं जास्त, तर बहुधा दोन. किंवा कार्डिओलिपिनसारखं एकच मोठं.

२०१४ मध्ये याच गटानं जिवाणूंची तीन प्रथिनं घेतली आणि एकेक लिपिड चिकटल्यावर ती धक्क्यानं किती सहज उलगडतात ते पाहिलं. सगळी लिपिडं सारखी निघाली नाहीत. पाण्याची वाट असलेल्या ॲक्वापोरिनला कार्डिओलिपिननं सर्वांत जास्त आधार दिला, आणि त्या प्रथिनाच्या कामावरही त्याचा परिणाम दिसला.

मुद्दा लक्षात येतोय ना? शुद्धीकरणात मळ समजून जे धुऊन काढत होतो, त्यातलं काही त्या दाराची बिजागरी होतं. बिजागरीशिवायच्या दाराचा अभ्यास करून त्यावर औषध बेतलं, तर ते शरीरातल्या खऱ्या दाराला बसेलच असं नाही.

म्हणून २०१८ मध्ये त्यांनी साबणच टाळला. ध्वनिलहरींनी पटलाचे बारीक फुगे करून प्रथिनं थेट त्यातून उडवली. त्यावर वादही झाला. गाईच्या मायटोकाँड्रियामधल्या प्रथिनांची ओळख बरोबर लागलेली नाही, असा आक्षेप इतर शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये छापून घेतला. अशा वादाला जागा राहते, कारण वेगवेगळ्या तुकड्यांची बेरीज जवळपास सारखी येऊ शकते.

त्यामुळे हा काटा एकटा पुरत नाही. अणू कुठे बसलाय हे क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक दाखवतो. पण त्या चित्रात प्रथिनाच्या खाचेत एखादा अनोळखी ठिपका दिसला, तर तो कोण, हे सांगायला वजन कामाला येतं. दोन्ही साक्षी जुळल्या की मग खात्री.