हात आणि यंत्र
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या निवृत्त शाळामास्तरास या व्यासपीठावर उभे केलेत, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. आजचा विषय मात्र माझ्या विद्यार्थिदशेतील नव्हे. तो मला माझ्या नातीने शिकविला. ती ॲनिमेशनचे, म्हणजे निश्चल चित्रांत चैतन्य आणण्याच्या विद्येचे, शिक्षण घेत आहे.

ही विद्या आपणांस परकी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात काड्या किंचित सरकवाव्या, एक चौकट टिपावी, पुन्हा सरकवाव्या, असे करीत निर्जीव काड्यांना पडद्यावर हालते केले. चित्रपटास एका सेकंदात २४ चौकटी लागतात. एकेक चित्र दोन चौकटी ठेवले, तरी सेकंदास १२ आणि मिनिटास ७२० चित्रे झाली! पूर्वी ही सारी कागदावर काढून, पारदर्शक सेल्युलॉइडवर उतरवून, हाताने रंगवावी लागत. आता हाताने केलेले रेखाटन संगणकात घेऊन तेथेच रंग भरतात; कित्येक कलावंत तर संगणकाच्या पाटीवर विजेच्या लेखणीने थेट चित्रे काढतात.

मी नातीस विचारले, "यंत्र एवढे हुशार, तर हात कशाला शिणवावा?" ती म्हणाली, "आजोबा, हा चेंडू पाहा." तिने उसळत्या चेंडूची वरची आणि खालची अशी दोन चित्रे देऊन मधली संगणकाकडून भरून घेतली. त्याने ती समान अंतरावर मांडली. चेंडू हालला खरा, परंतु दोरीने ओढल्यासारखा. मग तिने तीच चित्रे स्वतः काढली; माथ्याजवळ दाटीने, भुईजवळ विरळ, आणि भुईस टेकताच चेंडू किंचित चपटा. तो चेंडू जिवंत झाला! यंत्र मधली जागा भरते. कोठे रेंगाळावे आणि कोठे धावावे, हे माणसानेच ठरवावयाचे असते.

१९९९ च्या 'द आयर्न जायंट' या अमेरिकन चित्रपटात मुलगा हाताने रेखाटलेला, तर लोखंडी राक्षस संगणकाने घडविलेला आहे. त्या राक्षसाच्या रेषा इतक्या निर्दोष येऊ लागल्या की, तो मुलाशेजारी उपरा दिसे. तेव्हा यंत्रास मुद्दाम हाताचा किंचित कंप शिकविण्यात आला. आपल्या मुंबईच्या जे. जे. संस्थेत शिकलेल्या गीतांजली राव यांनी २०१९ साली 'बॉम्बे रोझ' हा चित्रपट केला. त्याच्या चौकटी संगणकावरच, परंतु हाताने रंगविलेल्या आहेत.

आता एक कबुली. मी शाळेत गणित आणि चित्रकला हे दोन्ही विषय शिकवीत असे. आपल्याच ज्ञातीतील एका विद्यार्थ्याने गणिताच्या वहीच्या कोपऱ्यांवर धावता बैल काढला होता. पाने भरभर सोडली की बैल धावे. मी ती वही जप्त केली आणि "चित्रांनी पोट भरत नाही," असे त्याच्या वडिलांस सांगितले. तो मुलगा आज एका वखारीत हिशेब लिहितो. त्याचा संसार सुखाचा आहे आणि त्याची तक्रारही नाही. मात्र गेल्या वर्षी एका लग्नात भेटला, तेव्हा हळूच म्हणाला, "गुरुजी, ती वही अजून आहे का हो?" वही नव्हती. मजपाशी उत्तरही नव्हते.

म्हणून पालकांस माझी विनंती आहे की, वहीच्या कोपऱ्याकडे रागाने पाहू नका. त्याचबरोबर जाहिरातीसही भुलू नका. जेथे पहिल्या दिवसापासून केवळ संगणकाची कळ दाबावयास शिकवितात, तेथे पैसे भरण्यापूर्वी विचार करा. जेथे आधी पेन्सिल हाती देतात, चालत्या माणसाचे आणि उडत्या पाखराचे निरीक्षण करावयास लावतात, ती शाळा खरी.

मंडळासही एक सूचना करतो. गुणगौरव समारंभात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या मुलांची नावे पुकारली जावीत, आणि विद्यार्थी साहाय्य निधीतून दरवर्षी एका होतकरू मुलास किंवा मुलीस संगणकाची पाटी आणि लेखणी द्यावी. या कामी माझ्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ति वर्गणी मी आजच कार्यवाहांकडे सुपूर्द करीत आहे. एक वही मी गमावली आहे. दुसरी कोणाची गमावली जाऊ नये.