घरच्या संगणकाचीही राखण करा
(मंडळाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, आपल्या बैठकीत याचे काय काम? इथे नेहमी शाळेचा, भाषेचा, कागदपत्रांचा प्रश्न निघतो. पण मंडळी, तेच कागद आता कपाटातून संगणकात गेले आहेत. म्हणून संगणकाची राखण हे आपलेच काम झाले आहे.

आपल्या बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण भागातल्या जुन्या घराण्यांची पेटी उघडून पाहा. १९४८ पर्यंत निजामी अंमल, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर राज्य आणि १९७३ पासून तेच कर्नाटक. एकाच घरात उर्दू, मोडी, बाळबोध आणि कन्नड कागद निघतात. पहाणीचा उतारा कचेरीतून पुन्हा मिळेल. आजोबांनी हाताने लिहिलेली वंशावळ, वाटणीपत्राची जुनी नक्कल कुठून मिळणार? मूळ कागदाला वाळवी लागली किंवा तो वाटणीत दुसऱ्या घरी गेला, की स्कॅन हीच आपली प्रत. ती व्हायरसने गिळली, तर दाद कोणाकडे मागणार?

व्हायरस म्हणजे दुसऱ्याचे नुकसान करण्यासाठी मुद्दाम लिहिलेला प्रोग्राम. तो फाइली बिघडवतो आणि एका संगणकातून दुसऱ्यात शिरतो. स्पायवेअर म्हणजे घरात शिरलेला हेर. तो काही मोडत नाही, गुपचूप बसून आपण काय टाइप करतो ते टिपतो आणि पासवर्ड बाहेर पाठवतो. रॅन्समवेअर हा तिसरा प्रकार. तो आपल्याच फाइलींना कुलूप लावून खंडणी मागतो. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभर हेच केले. ज्यांनी विंडोज अद्ययावत केले नव्हते, ते सापडले.

हे मोठ्या शहरातले दुखणे आहे, असे समजू नका. आपल्याकडे ते बहुतेक वेळा पेन ड्राइव्हमधून येते. अर्जाची प्रिंट काढायला तो दुकानात दिला, घरी आणला, की सगळ्या फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतात. अशा वेळी त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका, आणि घाबरून पेन ड्राइव्ह फॉरमॅटही करू नका. बहुधा मूळ फाइली पुसलेल्या नसतात, फक्त लपवलेल्या असतात. आधी अँटिव्हायरसने तपासा, जाणकाराकडून फाइली बाहेर काढा, मग पुढचे बघा. दुकानात नेण्यासाठी वेगळाच पेन ड्राइव्ह ठेवा. त्यात त्या दिवशीच्या कामाचा एकच कागद असावा.

दुसरी वाट आपण स्वतः उघडतो. मराठी टायपिंगसाठी कोणाकडून तरी ‘क्रॅक’ केलेले सॉफ्टवेअर आणतो. ते बसवताना अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना असते. चोराने राखणदाराला झोपवायला सांगावे, तसेच हे! युनिकोड मराठी विंडोजमध्ये फुकट मिळते. पत्रे, अर्ज, वार्तापत्र सगळे त्यात होते. मग चोरीचा माल घरात आणायचा कशाला?

पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची. ऑगस्ट २०१८ मध्ये मालवेअरच्या साह्याने तिथून सुमारे ९४ कोटी रुपये लुबाडले गेले. एवढ्या जुन्या, मोठ्या संस्थेवर हा प्रसंग आला, तर तुम्हा-आम्हाला बेसावध राहून कसे चालेल? पण याच पुण्यात कैलास आणि संजय काटकर या मराठी भावांनी ‘क्विक हील’ उभे केले. थोरला कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारा, धाकटा संगणक शिकलेला. या विद्येत मराठी माणूस मागे नाही. सवयी लावून घेणे तेवढे आपल्या हाती आहे.

त्या सवयी पाच. पहिली, विंडोजचे अपडेट टाळू नका. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुना संगणक नव्या विंडोजला पेलत नसेल, तर त्यावर बँकेचे व्यवहार करू नका. दुसरी, अँटिव्हायरस चालू ठेवा. विंडोजमधला डिफेंडर फुकट आहे. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस बसवले तर ते आपसात भांडतात. तिसरी, अनोळखी ईमेलची जोडफाइल उघडू नका. चौथी, ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ अशी पाटी पडद्यावर आली तर फोन करू नका, आणि कोणाच्या सांगण्यावरून संगणकाचा ताबा देणारे सॉफ्टवेअर घेऊ नका. पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० वर तक्रार करा.

पाचवी सवय सर्वांत मोठी. महत्त्वाच्या कागदांच्या तीन प्रती ठेवा. एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर. आपली लेकरे पुण्याला, हैदराबादला नोकरीला आहेत. दिवाळीला आली की एक प्रत त्यांच्यासोबत द्या. हार्ड डिस्क काम झाल्यावर काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावते.

आणखी एक विनंती कार्यकर्त्यांना. सभासदांची यादी, फोन नंबर, निवेदनांच्या प्रती आपापल्या घरच्या संगणकात आहेत. एका घरात हेर शिरला, तर शंभर घरांची माहिती बाहेर जाते. तेव्हा यादीच्या फाइलला पासवर्ड घाला, आणि तो सर्वांना वाटू नका.

आपल्या वडीलधाऱ्यांनी राज्ये बदलली तरी पेट्या सांभाळल्या. कुलूप घातले, कापूर ठेवला, पावसाळ्यानंतर कागदांना ऊन दाखवले. आता पेटी बदलली आहे, सांभाळण्याची रीत तीच ठेवायची. या रविवारी प्रत्येक घराने एक तरी प्रत काढावी, एवढीच आमची विनंती.