हलक्या गाडीचे वजन



मोटारीमागे जोडायची, दोन मोटारसायकली पोटात घेणारी आणि रात्री आत झोपता येईल अशी हलकी गाडी कशी निवडावी किंवा कशी बांधावी, हा आजचा विषय. बाहेरच्या फळ्यावर तो वाचून काही स्नेह्यांनी आम्हाला विचारले, "कामगारांच्या सभा घेणारे तुम्ही, ह्या परदेशी चैनीत कुठे शिरलात?" प्रश्न रास्त आहे. आपल्या ओळखीच्या अनेक घरांतली मुले आज अमेरिकेत आहेत, तेथे अशी गाडी घेण्याचा विचार त्यांच्या मनात येतो, हे एक कारण. दुसरे कारण असे की, जी वस्तू हलकी म्हणून विकली जाते, तिच्यातून काय काढून टाकले आहे हे विचारण्याची आम्हाला जुनी खोड आहे.

ही गाडी मुळात चैनीची नव्हेच. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात अमेरिकेतले हौशी लोक घरच्या अंगणात प्लायवूडची, पाण्याच्या थेंबाच्या आकाराची लहान गाडी स्वतः बांधू लागले. आत गादी, मागचे झाकण उचलले की स्वयंपाकाचा ओटा. त्याच काळात, १९३४ साली, हॉली बोलस नावाच्या गृहस्थाने रिव्हेट ठोकलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची गाडी काढली. हा मनुष्य विमाने बांधणारा. लिंडबर्गने १९२७ साली ज्या विमानातून अटलांटिक ओलांडला, त्याच्या बांधणीवर देखरेख करणाऱ्यांपैकी तो एक. हलके करायचे तर प्रत्येक तुकड्याला त्याच्या वजनाचा जाब विचारायचा, ही विमानवाल्याची शिस्त त्याने रस्त्यावर आणली. मोटारसायकली आत चढवण्याची हौस पुढची. मागची भिंतच खाली पडते, तिचा उतार होतो आणि फटफटी थेट घरात येते.

आता हिशेब मांडू. एका आखाच्या अशा गाडीला अमेरिकेत सर्रास जो आख लावतात, तो सुमारे १,५९० किलो पेलतो. सांगाडा, भिंती, बिछाना, ओटा धरून रिकामी गाडी ८५० किलोंची आहे असे समजा. उरले ७४०. दोनदोनशे किलोंच्या दोन मोटारसायकली चढल्या, उरले ३४०. पिण्या-धुण्याचे पाणी ८० लिटर म्हणजे ८० किलो. गॅसची टाकी, बॅटरी, अवजारे, कपडे, शिधा ह्यांचे दीडशे सहज होतात. शिल्लक ११०. ठीक आहे, संसार बसला. पण मालकाने ह्याच गाडीत लांब पल्ल्याच्या, प्रत्येकी ३७० किलोंच्या दोन जड मोटारसायकली घातल्या, तर सगळे ७४० तिथेच संपले. पाण्याचा तांब्यादेखील ठेवायला जागा नाही. विक्रेता रिकाम्या गाडीचे वजन मोठ्या अक्षरांत सांगतो. आपण विचारायचे ते वजन भरल्या गाडीचे.

तथापि एकूण वजनाहून नाजूक गोष्ट म्हणजे ते ठेवायचे कुठे. ह्यासाठी आपल्या शेतकऱ्याकडे तयार शब्द आहे. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की गाडी 'उलार' होते. जू वर उचलले जाते, बैलाच्या गळ्याचा पट्टा आवळतो. पुढे फार भरले तर त्याची मान दबते. गाडीवान पोती आखाच्या किंचित पुढे सारून जुवावर थोडा भार राहील असे पाहतो. मोटारीमागच्या गाडीचे शास्त्र हेच. अमेरिकेत भरल्या गाडीच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार जोडाच्या गोळ्यावर असावा असे मानतात. युरोपात मोटारी लहान, त्यांचे जोड बहुधा ७५ ते १०० किलोच सोसतात, म्हणून तेथे प्रमाण कमी ठेवतात आणि वेगही आवरतात. ब्रिटनमध्ये अशी गाडी ओढताना महामार्गावरसुद्धा ताशी ६० मैलांची मर्यादा आहे.

ह्या गाड्यांचे दार मागे असल्याने मोटारसायकली मागेच राहतात, येथे घात होतो. जोडापासून आख चार मीटरवर आहे आणि दोनशे किलोंची मोटारसायकल आखाच्या मागे दीड मीटरवर उभी आहे असे धरा. दोनशेला दीडने गुणा, चाराने भागा, पंचाहत्तर आले. तेवढ्या किलोंनी जोड वर उचलला जातो. दोन मोटारसायकलींनी दीडशे. रिकामेपणी जोडावर दीडशेच भार असेल, तर आता तिथे काही उरले नाही. गाडी उलार झाली! आम्ही सातवीपुढे शाळा पाहिली नाही, पण हा त्रैराशिकाचा खेळ हमाल कावड खांद्यावर घेताना मनातच करतो.

उलार गाडी सावकाश चालते तोवर गरीब वाटते. वेग वाढला, शेजारून मोठी मालमोटार गेली, वाऱ्याचा धक्का बसला, की ती शेपटासारखी डोलू लागते. ठरावीक वेगाखाली हे डोलणे आपोआप विरते, त्या वेगावर ते दर झोक्याला वाढते आणि अखेर मागची गाडी पुढच्या मोटारीला फिरवून टाकते. अशा वेळी घाबरून जोराने ब्रेक दाबू नये. चाक सरळ धरावे आणि पेट्रोल सोडावे. मोटारसायकली होता होईल तो आखाच्या लगत पुढे घ्याव्यात, पाण्याची टाकी आखावर असावी, आणि मागच्या भिंतीवर जड पेट्या टांगण्याचा मोह टाळावा. पट्टे बांधायच्या कड्या खालच्या लोखंडी सांगाड्यात बसवाव्यात. प्लायवूडच्या फळीतली कडी पहिल्याच जोरदार ब्रेकला फळीसकट बाहेर येते. ब्रेकचे म्हणाल तर युरोपात ७५० किलोंवरच्या ओढगाडीला स्वतःचा ब्रेक लागतो. अमेरिकेत राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. कायदा काहीही म्हणो, मोटारसायकली नेणाऱ्याने तो लावावा.

आता हलकेपणा कुठून येतो ते पाहू. अमेरिकेतल्या ह्या धंद्याची राजधानी म्हणजे इंडियाना राज्यातले एल्कहार्ट. तेथे तुकड्यावर मजुरीची रीत रूढ आहे आणि बहुतेक कारखान्यांत संघटना नाही. जितक्या गाड्या दारातून बाहेर, तितके पैसे, मग स्क्रू आवळण्याला वेळ कोण देणार? आणि मंदी आली की लोक पहिली खरेदी थांबवतात ती अशाच गाडीची. २००९ च्या वसंतात त्या भागात बेकारी १८ टक्क्यांच्या वर गेली होती. घाईने लावलेल्या छताच्या सांध्यातून पाणी शिरले, तर दोष त्या कामगाराच्या हाताला देण्यापूर्वी दराचा तक्ता पाहावा, असे आमचे मत आहे.

स्वस्त हलक्या फळीची आणखी एक किंमत आहे. २००५ साली कॅटरिना वादळानंतर अमेरिकन सरकारने बेघरांना लाखाहून अधिक फिरती घरे दिली. त्यांत राहणाऱ्यांचे डोळे झोंबू लागले, खोकला जाईना. २००७ च्या अखेरीस आणि २००८ च्या आरंभी ५१९ घरांची हवा तपासली, तेव्हा फळ्यांच्या डिंकातून सुटणारा फॉर्मल्डिहाइड वायू नेहमीच्या घरांपेक्षा पुष्कळ जास्त निघाला. २०१० साली त्यावर कायदा झाला. गाडी बांधताना कमी वायू सोडणारी फळी मागून घ्यावी, हे त्या कुटुंबांनी सोसले म्हणून आज आपल्याला सांगता येते.

शिवाय पेट्रोलची वाफ आणि स्वयंपाकाचा गॅस हे दोन्ही हवेहून जड. ते जमिनीलगत साचतात. म्हणून तळाशी उघडे झरोके हवेत, आणि झोपण्यापूर्वी मोटारसायकली बाहेर काढाव्यात. पावसात हे जिवावर येते खरे. तरी काढाव्यात.

निघण्यापूर्वी पूर्ण भरलेली गाडी वजनकाट्यावर न्यावी. एकदा सगळी मोजावी, मग जोड सोडून, त्याला टेकू देऊन फक्त पुढचा भार मोजावा. जोडावर भार कमी आला, तर मोटारसायकली हातभर पुढे सरकवून पुन्हा मोजावे. दोन्ही आकडे पावतीवर लिहून ती पावती दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी, म्हणजे पुढच्या खेपेला सामान भरणाऱ्याला ती दिसेल.