स्मरणाचा दिवस आणि धरण्याचा मांडव

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात वर्धा येथे दिलेले व्याख्यान)



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक साधे प्राथमिक शिक्षक. उभा जन्म फळा आणि हजेरीपट यांच्या सहवासात गेला. वक्तृत्वाचा आव आणणे आम्हांस शोभणार नाही. तथापि मंडळाच्या कार्यकारिणीत गेल्या वर्षभर जो वाद चालू आहे त्यावर दोन शब्द बोलावे, अशी आज्ञा झाल्यामुळे आम्ही आपणांपुढे उभे आहोत.

वाद असा आहे. २३ नोव्हेंबरच्या सुमारास नागपुरास आपल्या मागणीसाठी धरण्याचा मांडव घालावा आणि त्या दिवशी मोठा मोर्चा काढून स्मारकापाशीच सभा घ्यावी, असे आपल्या तरुण कार्यकर्त्यांचे म्हणणे आहे. उलट वडीलधाऱ्या मंडळींना वाटते की धरणी, उपोषणे, मोर्चे आता पुरे झाले. मांडव कायमचा गुंडाळावा आणि तो दिवस केवळ सार्वजनिक श्रद्धांजलीचा म्हणून पाळावा. दोन्ही पक्षांत आमचे विद्यार्थी आहेत, म्हणून दोघांनीही आमचे ऐकून घ्यावे, इतकी विनंती आहे.

तो दिवस ज्यांनी पाहिला नाही अशी मुले आज या सभेत पुष्कळ दिसतात. त्यांच्यासाठी थोडे मागचे सांगणे अवश्य आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. ती नोंद आपल्याच समाजाची होय, असे आपण म्हणत आलो. शासनाने २४ एप्रिल १९८५ च्या निर्णयाने गोवारी निराळे ठरविले आणि दाखल्यांचा मार्ग बंद झाला. ते गाऱ्हाणे घेऊन २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असता, विदर्भातून हजारो गोवारी नागपुरास गेले. निवेदन घेण्यास कोणी मंत्री येतील म्हणून लोक दिवसभर अडथळ्यांपुढे बसून राहिले. सायंकाळी पोलिसांची लाठी चालली, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. त्यांत बायका आणि लेकरे फार होती.

आम्ही तेव्हा जिल्ह्यातल्या एका खेड्यात मास्तर होतो. त्या दिवशी तिसरीच्या वर्गात निम्मी मुले नव्हती. पहाटेच भाकरी बांधून आईबापांबरोबर ती ट्रकमध्ये बसली होती. जाऊ नका असे आम्ही कोणास म्हटले नाही. खरे सांगायचे तर मुलांना नागपूर पाहावयास मिळेल म्हणून आम्हांस बरेच वाटले होते. ही गोष्ट आज तीस वर्षांनंतरही मनातून जात नाही. रात्री उशिरा ट्रक परतले. आमचे एक शेजारी अनवाणी उतरले, कोणाशी एक शब्द न बोलता घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतले.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. आदिवासी विकास मंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग बसला, त्याने कोणालाही दोषी धरले नाही. १९९५ मध्ये विशेष मागास प्रवर्गात २ टक्क्यांत आपल्याला इतर जातींबरोबर जागा मिळाली. झिरो माइलजवळ स्मारक उभे राहिले, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव मिळाले. १४ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपल्या बाजूने निकाल दिला तेव्हा गावोगावी गुलाल उधळला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. न्यायालयाचा निर्णय आम्हांस शिरसावंद्य आहे. परंतु सनदशीर मार्गाने मागणी करीत राहण्याचा हक्क त्याने कोणी हिरावून घेतलेला नाही. मधल्या त्या २८ महिन्यांत झालेले प्रवेश आणि नेमणुका न्यायालयाने कायम राखल्या. त्यामुळे असे घर आमच्या पाहण्यात आहे, जेथे थोरल्या बहिणीचे शिक्षण त्या दाखल्यावर झाले आणि धाकट्या भावाला तोच दाखला चालत नाही. एका आईची दोन लेकरे, एक यादीत आणि एक यादीबाहेर!

अशा स्थितीत मांडव कायमचा गुंडाळावा म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना आम्ही नम्रपणे विचारतो, की स्मरण करावयाचे ते कशाचे? मुंबईच्या हुतात्मा चौकाचा दाखला वारंवार दिला जातो. तेथे मौन पाळतात, फुले वाहतात, ते आम्हीही जाणतो. परंतु ज्या मराठी राज्यासाठी तेथील माणसे पडली ते राज्य १ मे १९६० रोजी आले आणि स्मारक त्यानंतर झाले. आपल्याच जिल्ह्यातील आष्टीचे घ्या. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. गोळीबारात आष्टीचे सहा वीर पडले. आज नागपंचमीला तेथे लोक जमतात ते शांत मनाने जमतात, कारण ज्यासाठी ते वीर गेले ते पाच वर्षांत मिळाले. आपले तसे नाही. आपल्याकडे स्मारक आधी झाले आणि मागणी राहून गेली. पुष्पचक्र कोणाला प्रश्न विचारीत नाही, म्हणून ते वाहणे पुढाऱ्यांना सोपे जाते, हे आम्ही काही रागाने म्हणत नाही.

आमच्या गावी एक म्हातारी आई आहे. तिच्या घरचे माणूस त्या दिवशी गेले. तिला आम्ही श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला चला म्हटले, तर म्हणाली, “फुलं वाहून काय होते, गुरुजी? नातवाच्या दाखल्याचं पाहा आधी.” यावर आम्हांस उत्तर सुचले नाही.

शोक निराळा आणि जाब विचारणे निराळे, असे समजण्याचे कारणही नाही. १९४२ साली चिमूरला स्त्रियांवर अत्याचार झाले तेव्हा येथून जवळच्या सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक भन्साळी यांनी चौकशीच्या मागणीसाठी ६३ दिवस अन्न वर्ज्य केले. ते उपोषण म्हणजे सत्याग्रह होता की सुतक होते, हे कोणी वेगळे करून दाखवावे! दूर अर्जेंटिनात, ज्यांची मुले सरकारने नाहीशी केली त्या माता १९७७ पासून दर गुरुवारी राजधानीच्या चौकात फेरी घालू लागल्या. ती फेरी हेच त्यांचे स्मरण आणि हीच त्यांची मागणी.

मग तरुणांचे म्हणणे सर्वस्वी बरोबर, असे आपणांस वाटेल. तसेही नाही. ज्या शेजाऱ्यांची गोष्ट मघाशी सांगितली ते आजवर एकदाही २३ नोव्हेंबरला नागपुरास गेलेले नाहीत. कारण विचारले असता म्हणाले, “घोषणा सुरू झाल्या का मले तोच कल्ला आयकू येते, गुरुजी.” बांधवहो, ज्या दिवसावर पहिला हक्क ज्यांचा, तोच माणूस आपल्या घोषणांमुळे घरी बसतो! ध्वनिक्षेपक, पुढाऱ्यांची वाट पाहणे, फलकावर कोणाचे छायाचित्र मोठे याची भांडणे, यांत त्या ११४ जणांपैकी एकाचेही नाव उच्चारले जात नाही, असे किती कार्यक्रम आम्ही पाहिले. तरुणांनी राग मानू नये. वर्गात गोंगाट करणाऱ्यालाही आम्ही कधी नापास केले नाही.

दिल्लीच्या सीमेवर २०२० साली शेतकऱ्यांचे धरणे बसले होते. त्यात जे शेतकरी दगावले त्यांच्यासाठी २० डिसेंबर हा दिवस त्यांनी श्रद्धांजलीचा म्हणून पाळला, आणि दुसऱ्या दिवशी धरणे जागच्या जागी होते. यातून आपणांस वाट दिसते असे आम्हांस वाटते.

आमची सूचना एवढीच, की धरणे बसावयाचे असेल तर अवश्य बसावे. २०२४ च्या आरंभी संविधान चौकात आपल्या मुलांनी उपोषण केले, त्याचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु २२ तारखेच्या सायंकाळी मांडवाच्या कनाती आपण आपल्या हाताने उतरवाव्या आणि २४ तारखेच्या सकाळी आपल्याच हाताने पुन्हा बांधाव्या. कोणा अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून जागा सोडणे निराळे आणि आपल्या मृतांसाठी आपण होऊन सोडणे निराळे. पहिले आम्हांसही मान्य नाही. मधला दिवस मृतांचा असावा. त्या दिवशी घोषणा नको, भाषण नको, व्यासपीठही नको. पुढारी आले तर त्यांनी सर्वांबरोबर जमिनीवर बसावे.

आणि त्या दिवशी हजेरी घ्यावी. आम्ही जन्मभर हजेरी घेतली आहे, म्हणून हे सुचते. ११४ नावे, प्रत्येक नावापुढे गाव आणि वय, सावकाश वाचली तरी फार तर पंधरा मिनिटे लागतात. लहान मुलांनी वाचावी. एकेका नावानंतर उत्तर येण्याइतका वेळ थांबावे. ज्यांना नागपुरास जाणे जमत नाही त्यांनी आपल्या गावी, गोधनाच्या वेळी जेथे ढाल उभी करतो तेथे बसून, हीच नावे वाचावी. यास खर्च नाही, परवानगीचा प्रश्न नाही.

नावांची वही आम्ही आमच्या हस्ताक्षरात उतरवून आणली आहे. सभा संपल्यावर चिटणिसांकडे ती ठेवीत आहोत. गावाचे वा वयाचे काही चुकले असेल तर घरच्या माणसांनी कृपा करून दुरुस्त करावे.

येथे येण्यापूर्वी ही सूचना आम्ही त्या शेजाऱ्यांना सांगितली. घोषणा होणार नाहीत, फक्त नावे वाचली जातील, असे म्हणालो. ते बराच वेळ अंगणात उगीच काडी मोडीत बसले. मग म्हणाले, “किती वाजता निघाचं?”