ओगियन पाऊस थांबवत नाही



मुलांसाठी अद्भुत कादंबरी लिहिणाऱ्यापुढे एक पेच ठरलेला. म्हातारा जादूगार सगळंच करू शकत असेल, तर पोराने करायचं काय? मग लेखक त्याला ऐन वेळी वाटेतून दूर करतो. टॉल्किनच्या ‘द हॉबिट’मध्ये, १९३७ सालच्या, जादूगार गँडाल्फ मर्कवुडच्या जंगलाच्या तोंडाशी सोबतच्या मंडळींना सोडतो आणि दुसरं काम आहे म्हणून चालता होतो. सोयीचं काम, दुसरं काय!

उर्सुला ले ग्विनच्या ओगियन या जादूगाराला अशा सबबी लागत नाहीत. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ हे पुस्तक १९६८ सालचं. त्यातला गेड हा गाँट बेटावरच्या खेड्यातला, आईविना वाढलेला मुलगा. बाप ब्राँझचं घडवकाम करणारा, तोंडापेक्षा हात जास्त चालवणारा. ओगियन या मुलाला त्याचं खरं नाव देतो आणि शिष्य म्हणून सोबत नेतो.

गेडला वाटतं, आता मंत्र मिळणार. ओगियन नुसता चालत राहतो. वाटेवरचं एखादं झुडूप दाखवून विचारतो, हे काय आहे? गेड उलट विचारतो, याचा उपयोग काय? आपल्याला तरी ठाऊक नाही, म्हणतो ओगियन. मग पाऊस येतो. ढग पिटाळणं तिथल्या साध्या मांत्रिकालाही जमतं. हा मात्र पाऊस पडू देतो आणि फरच्या मोठ्या झाडाखाली जाऊन आडवा होतो. गेड झुडपांत भिजत, धुमसत बसलेला.

असल्या गुरूला पोरगं वैतागणारच. ते रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत जातं. ओगियन अडवत नाही. तिथे ईर्षेपोटी गेड एक भयंकर सावली मोकळी सोडतो. ती पाठीस लागल्यावर ससाण्याच्या रूपात उडत, माणूसपण विसरत, तो येतो ओगियनच्याच हातावर. ओगियन त्याला ओळखतो, माणसात आणतो. आणि सांगतो, पळू नकोस. मागे फीर, तूच तिच्या मागे लाग. लपायला जागा देत नाही, बरोबरही जात नाही. नवी काठी तेवढी घडवून देतो.

इथे मला हॅरी पॉटरच्या पुस्तकांतला म्हातारा जादूगार डंबलडोर उणा वाटतो. हॅरीविषयीची भविष्यवाणी तो मायेपोटी वर्षानुवर्षं दडवून ठेवतो. पाचव्या पुस्तकाच्या शेवटी ते कबूल करतो खरा, पण तोवर हॅरीला बापाच्या जागी असलेला सिरियस मेलेला असतो.