क्षमायाचनेचे माप



कोणतीही पूजा क्षमायाचनेवाचून पुरी होत नाही. आवाहन, आसन, अभिषेक, नैवेद्य, आरती हे सर्व यथासांग झाले, तरी शेवटी पूजक हात जोडतो. मंत्रातील, क्रियेतील आणि भक्तीतील उणीव कबूल करतो आणि मगच आसनावरून उठतो. ही रीत अंगवळणी पडलेली असल्यामुळे क्षमा मागणे ही फार सोपी गोष्ट आहे, असा समज घरोघर रुजला आहे. देवापुढे ती सोपी आहेही. तेथे ‘सर्व अपराध’ एवढे म्हटले तरी पुरते; कोणता अपराध, कोणत्या दिवशीचा, हे त्या सर्वसाक्षीला सांगावे लागत नाही. माणसापुढे मात्र हीच भाषा निरुपयोगी ठरते. ज्याचे नुकसान झाले त्याला ‘सर्व’ नको असते. त्याला त्या एका गोष्टीचे नाव ऐकावयाचे असते.

मराठीत यासाठी दोन शब्द रूढ आहेत, आणि त्यांतील अंतर ध्यानात घेण्यासारखे आहे. दिलगिरी हा फारसी वळणाचा शब्द; दिलगीर म्हणजे खिन्न. दिलगिरी व्यक्त करणारा आपल्या मनाची स्थिती सांगतो, आणि ती स्थिती कोणाच्याही मरणाची वार्ता ऐकून होऊ शकते. क्षमा हा शब्द ‘क्षम्’ या धातूपासून आला; त्याचा अर्थ सोसणे. क्षमा मागणारा समोरच्याला असे म्हणत असतो की, तुम्हांला सोसावे लागले, आणि ते ज्याच्यामुळे सोसावे लागले तो हा उभा आहे. या जिल्ह्यातील तेलुगु भाषक शेजारी ‘क्षमापण’ म्हणतात, तो शब्दही संस्कृतातील प्रयोजक रूपाचा, म्हणजे क्षमा करावयास प्रवृत्त करणे या अर्थाचा आहे. म्हणजे मागणाऱ्यावर काही करण्याचा भार आहे. नुसते खिन्न होऊन भागत नाही. हल्ली पुढाऱ्यांच्या निवेदनांत ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत’ असे वाक्य वारंवार छापून येते. त्यातील ‘असल्यास’ हा एकच शब्द सारा अपराध ऐकणाऱ्याच्या हळवेपणावर ढकलून मोकळा होतो.

धर्मशास्त्रकारांनी या विषयाचा विचार फार बारकाईने केला आहे. मनूने पापमुक्तीची साधने सांगताना तप, अध्ययन आणि दान यांच्याआधी ख्यापन व अनुताप यांचा उल्लेख केला. ख्यापन म्हणजे केलेले कृत्य स्वमुखाने सांगणे. याज्ञवल्क्याने आणखी एक भेद केला. ज्याचा दोष लोकांत प्रकट झाला आहे त्याने परिषदेच्या अनुमतीने प्रकट प्रायश्चित्त करावे. ज्याचा दोष कोणास ठाऊक नाही त्याने रहस्य प्रायश्चित्त करावे. जेथे दोष झाला तेथेच त्याचे निवारण, असा याचा सरळ अर्थ. चव्हाट्यावर केलेल्या निंदेची क्षमा दाराआड मागता येत नाही. शिवाय प्रायश्चित्त मोजून द्यावयाचे असते. कृत्य जाणून घडले की न जाणता, करणाऱ्याचे वय किती, शक्ती किती, देशकाल कोणता, हे सर्व परिषदेने पाहावयाचे. आणि शास्त्र न जाणता जी परिषद भलतेच प्रायश्चित्त सांगेल तिच्याच माथी ते पाप येते, असेही वचन आहे. अपराधाहून कमी जसे चालत नाही, तसे अपराधाहून अधिकही चालत नाही. या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

त्याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासात आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान मांडले. वॉल्टर रँड याच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली, आणि घरांच्या झडत्यांसाठी गोरे शिपाई लावण्यात आले. देवघरे बाटवली, स्त्रियांचा अपमान झाला, सामान जाळले, अशा तक्रारींनी शहर भरून गेले. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे त्यांनी एप्रिलमध्ये अभ्यासपूर्ण साक्ष दिली होती. वय अवघे ३१ वर्षांचे. पुण्याहून स्नेह्यांची पत्रे येत होती. त्यांवर विश्वास ठेवून त्यांनी मँचेस्टर गार्डियन पत्राच्या प्रतिनिधीस सांगितले की, शिपायांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला व त्यांपैकी एकीने जीव दिला. हा आरोप जुलैच्या आरंभी प्रसिद्ध झाला. त्याच्या थोडेच आधी, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला आणि पुरावा मागितला.

जुलैअखेर गोखले मुंबईस उतरले तेव्हा परिस्थिती पार पालटलेली होती. टिळकांना २७ जुलैस अटक झाली होती, नातू बंधूंना चौकशीवाचून स्थानबद्ध केले होते. अशा भयाच्या वातावरणात, पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुढे येऊन साक्ष देईल ही आशा उरली नव्हती. गोखल्यांपुढे तीन वाटा होत्या. मौन धरावे, पत्र लिहिणाऱ्यांची नावे सांगून दोष त्यांच्यावर टाकावा, किंवा दोष स्वतःच्या माथी घ्यावा. न्यायमूर्ती रानड्यांचा सल्ला घेऊन त्यांनी तिसरी वाट धरली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांचे क्षमापत्र प्रसिद्ध झाले. त्यात गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट, प्लेग समितीचे सभासद आणि प्लेगच्या कामावरील शिपाई या सर्वांची त्यांनी बिनशर्त क्षमा मागितली.

लोक खवळले. ज्यांच्या घरांत शिपाई शिरले होते त्यांना हे पत्र आपल्याच तक्रारी खोट्या ठरविणारे वाटले. त्या वर्षअखेर अमरावतीस राष्ट्रीय सभा भरली, तेथेही त्यांच्याविषयीची नाराजी लपून राहिली नाही. केसरीने तर भित्रेपणाचा ठपका ठेवला. आजही हा प्रसंग निघाला की श्रोत्यांत दोन तट पडतात.

न्यायाने पाहिले तर या क्षमापत्रात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत आणि त्या वेगळ्या काढल्यावाचून निर्णय करता येत नाही. सिद्ध करता न येणारा भयंकर आरोप एका दूरच्या देशातील वृत्तपत्रातून करणे, हा अपराध गोखल्यांचा होता, आणि त्याची क्षमा त्यांनी जशी मागितली तशी फार थोड्यांनी मागितली असेल. त्यात ‘असल्यास’ नव्हते. पत्र लिहिणाऱ्या स्नेह्यांचे नाव नव्हते. त्यांना वाचविण्याची किंमत गोखल्यांनी स्वतःच्या कीर्तीने चुकविली. शब्द ज्या जाहीर जागी उच्चारले गेले होते, तितक्याच जाहीर जागी ते मागे घेतले गेले. तथापि शिपायांच्या सरसकट वर्तनाची क्षमा मागणे हे त्यांच्या अपराधाहून अधिक होते. एक आरोप सिद्ध झाला नाही म्हणून झडत्यांतील उर्मटपणा नाहीसा होत नाही. जी पीडा गोखल्यांची नव्हती ती माफ करण्याचा अथवा नाकारण्याचा अधिकारही त्यांचा नव्हता. लोकांचा राग अन्यायाचा होता असे म्हणवत नाही; तो या आधिक्यावर होता.

परंतु पुढची हकीकतही पाहिली पाहिजे. गोखले घरात तोंड लपवून बसले नाहीत. पुण्यात प्लेग पुन्हा उसळला तेव्हा ते स्वयंसेवक होऊन रोग्यांच्या सेवेस आणि झडतीच्या वेळी लोकांच्या साह्यास उभे राहिले. ज्या कामाविषयी चुकीचे बोलले गेले, त्याच कामात त्यांनी हात घातला. १८९९ साली ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून आले आणि १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. या साऱ्या काळात आकडा तपासल्यावाचून बोलावयाचे नाही, ही त्यांची ख्याती झाली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी त्यांचे देहावसान झाले, तेव्हा आयुष्यभराचे प्रतिपक्षी असलेले लोकमान्य सिंहगडाहून स्मशानात आले आणि तेथे त्यांनी गौरवाचे भाषण केले. क्षमापत्राचे फळ यावयास सतरा वर्षे लागली.

टिळकांच्याही चरित्रात क्षमायाचनेचा प्रसंग आहे, तो मापाच्या दृष्टीने अधिक नेमका. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्यावर, तरुण महाराजांचा छळ केल्याचा आरोप केसरी व मराठा या पत्रांनी केला. आधारभूत पत्रे बनावट निघाली. टिळक व आगरकर यांनी क्षमा मागितली, तरीही जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. पत्रे खोटी होती एवढे त्यांनी मान्य केले. महाराजांविषयीची चिंता सोडली नाही. पुढे डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगर येथे त्यांच्या रखवालीवरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला, हे सर्वांस माहीत आहे.

याउलट प्रकार पंचहौद मिशनच्या चहाचा. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या त्या मिशनात काही प्रतिष्ठित गृहस्थांनी चहा घेतला, नावे वृत्तपत्रात छापली गेली, प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले. रानड्यांनी १८९२ साली मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून प्रायश्चित्त घेतले. मठाच्या व्यासपीठावरून हे उच्चारणे थोडे अवघड आहे, तरी उच्चारावे: तेथे ना कोणाचे नुकसान झाले होते, ना करणाऱ्याला अनुताप होता. विधी झाला, परंतु मूळ शास्त्रकाराने ख्यापनाशेजारी ठेवलेला अनुताप त्यात नव्हता.

आता दूरची उदाहरणे सोडून याच जिल्ह्याकडे वळावे. इंद्रवेल्ली येथे २० एप्रिल १९८१ रोजी, सोमवारच्या बाजाराच्या दिवशी, सभेसाठी जमलेल्या गोंड आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. गुड्यागुड्यांतून सांगितला जाणारा आकडा याहून पुष्कळ मोठा आहे. तेथे स्तूप उभा आहे, आणि कित्येक वर्षे त्या तारखेस तेथे जमण्यावर बंदी असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी तेथे जाऊन वंदन केले, स्मृतिवनाची कोनशिला बसविली आणि मृतांच्या कुटुंबांना घरांसाठी साह्य दिले. हे योग्यच झाले. पण परिषदेपुढे पहिली पायरी ख्यापनाची असते, आणि तेथे किती जण पडले याविषयीच जोवर दोन आकडे आहेत तोवर ती पायरी अर्धीच चढली गेली आहे.

आणि ती सभा कशासाठी होती? जमिनीसाठी. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनी हातच्या गेल्या, पट्टे मिळेनात, कर्ज फिटेना, ही तक्रार होती. या जमिनी घेण्यासाठी बाहेरून जे लोक या जिल्ह्यात आले, त्यांत किनाऱ्याकडचे होते तसे पैनगंगा व वर्धा ओलांडून आलेले मराठी बोलणारेही होते. हैमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाने ते नोंदवून ठेवले आहे. गोळी चालविणारे हात सरकारचे होते, त्याची क्षमा सरकारने मागावी. ज्या घरांत आज त्या शेतांचे धान्य येते, त्या घरांचा अपराध गोळीबाराचा नाही, आणि तो अंगावर घेणे म्हणजे मापाबाहेर जाणे होय. परंतु एखाद्या सर्व्हे नंबरात पूर्वी कोणाचा नांगर चालत असे, तो किती रुपयांना आणि कोणत्या कर्जापोटी सुटला, हे त्या त्या घरातील वडीलधाऱ्यांस बहुधा ठाऊक असते. आणि ज्याचा नांगर होता त्याचा नातू सोमवारी त्याच बाजारात मोहाची फुले विकावयास बसलेला असतो.