थुंब्याचा देश गप्प का?



 जयंतराव नारळीकरांच्या माघारी होणाऱ्या विज्ञानलेखकांच्या या अधिवेशनात अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांना प्रथम वंदन करतो. संयोजकांनी मला मराठी विज्ञानलेखनाचा आढावा घ्यायला सांगितलं होतं. तो दोन वाक्यांत देतो. तरुण मंडळी जोमानं लिहिताहेत, आणि चांद्रयान-३ उतरल्यापासून अवकाशावर तर पूर्वी कधी नव्हतं इतकं लिहिलं गेलं. त्या लिखाणात इंजिनाची ताकद आली, उतरण्याचा क्षण आला, शास्त्रज्ञांच्या मुलाखती आल्या. फक्त आकाशातली जागा कोणी कोणाला द्यायची आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आला नाही.

माझी सगळी नोकरी याच प्रश्नाच्या फायलींत गेली. उपग्रहांच्या जागा आणि त्यांच्या फ्रिक्वेन्सी यांबद्दल इतर देशांशी वाटाघाटी करणं हे माझं काम होतं. नोकरीत असताना जे बोलता येत नव्हतं, ते आज बोलणार आहे. आढावा इथेच थांबला तर संयोजकांनी समजून घ्यावं.

माझी तक्रार आपल्याच देशाबद्दल आहे. अवकाश सगळ्यांचं आहे आणि त्याचा कारभार सगळ्यांनी मिळून करायला हवा, हे जगाला सांगणाऱ्यांत भारत एके काळी पुढे होता. आज तो त्याबद्दल बोलत नाही.

थोडं मागे जाऊ. १९६३ च्या नोव्हेंबरात केरळातल्या थुंबा या कोळ्यांच्या गावातून पहिलं रॉकेट उडालं. सव्वाचार वर्षांतच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, इंदिरा गांधींनी तिथलं रॉकेट-केंद्र संयुक्त राष्ट्रांना अर्पण केलं. ज्या देशाकडे धान्य पुरेसं नव्हतं, त्यानं आपलं रॉकेट-केंद्र जगाला खुलं केलं. त्याच वर्षी व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांची पहिली अवकाश परिषद झाली, तिच्या वैज्ञानिक कामकाजाचे अध्यक्ष विक्रम साराभाई होते. १९८२ च्या दुसऱ्या परिषदेचे सरचिटणीस यशपाल. १९९९ च्या तिसऱ्या परिषदेचे अध्यक्ष उडुपी रामचंद्र राव. तिन्ही वेळा गरीब देशांनी विश्वासानं पाहावं असा माणूस आपण दिला. तो विश्वास नुसत्या भाषणांनी मिळालेला नव्हता. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वापरून आपण सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत दूरदर्शन पोहोचवलं होतं. उपग्रह शेतकऱ्याच्या आणि शाळेच्या कामाचा असू शकतो, हे जगाला मोठ्या प्रमाणावर दिसलं ते आपल्या खेड्यांत.

आता जागांच्या वाटपाबद्दल बोलतो, कारण सगळा अन्याय तिथून सुरू होतो. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर एक कक्षा आहे. तिथला उपग्रह जमिनीवरून पाहिला तर एकाच जागी थांबलेला दिसतो. दूरचित्रवाणी, हवामान, दूरध्वनी यांसाठी ती सोन्याची कक्षा. पण तिचा घेर ठरलेला आहे आणि शेजारशेजारच्या उपग्रहांचे संदेश एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये अंतर ठेवावं लागतं. तिथली जागा जिनिव्यातल्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नोंदवहीतून मिळते, आणि बराच काळ तिथे एकच नियम चालला: ज्याचा अर्ज आधी, त्याचा हक्क आधी. १९६७ च्या अवकाश करारात लिहिलं होतं की अवकाशावर कोणत्याही देशाची मालकी असणार नाही आणि त्याचा वापर सर्व देशांच्या हितासाठी व्हावा. नोंदवहीनं मालकीला हात लावलाच नाही. तिनं फक्त रांग लावली, आणि रांगेत पुढे उभे होते ज्यांच्याकडे कारखाने होते ते.

१९७६ च्या डिसेंबरात विषुववृत्तावरचे आठ देश कोलंबियात बोगोटाला जमले. ब्राझील, कोलंबिया, काँगो, इक्वेडोर, इंडोनेशिया, केनिया, युगांडा, झैरे. आमच्या डोक्यावरच्या कक्षेवर आमचा हक्क आहे, असं त्यांनी जाहीर केलं. तो दावा कराराविरुद्ध होता आणि जगानं तो मानला नाही. मीही मानत नाही. पण त्यामागची तक्रार शंभर टक्के खरी होती, आणि तिला उत्तर द्यावंच लागलं. १९८५ आणि १९८८ मध्ये जिनिव्यात दूरसंचार संघाच्या परिषदेची दोन सत्रं झाली आणि काही फ्रिक्वेन्सी-पट्ट्यांपुरती प्रत्येक देशासाठी या कक्षेत निदान एक जागा राखून ठेवली गेली. आज उपग्रह बांधण्याची ताकद नसली, तरी जागा तुमची. विकसनशील देशांनी एकजुटीनं मिळवलेला तो विजय होता आणि त्या एकजुटीत भारत होता. मी तेव्हा नुकताच कामाला लागलो होतो. आमचे वरिष्ठ जिनिव्याहून परतले तेव्हा दमलेले होते, पण त्यांच्या बोलण्यात जो ताठपणा होता तो मला अजून आठवतो.

सकाळच्या परिसंवादात आपल्यातल्या एका अभ्यासू मित्रानं मांडलं की ज्यानं पैसा आणि धोका पत्करला त्याला आधी जागा मिळणं स्वाभाविक आहे, नाहीतर कोणी काही बांधणारच नाही. त्यांच्या अभ्यासाबद्दल मला आदर आहे. पण मी टेबलाच्या या बाजूला बसलेलो आहे. नव्वदीच्या दशकात एका बड्या परदेशी कंपनीचे प्रतिनिधी आमच्यासमोर बसले होते. आमचा उपग्रह तयार होत आला होता. त्यांचा उपग्रह फक्त अर्जात होता. कारखान्यात त्याचा एक स्क्रूही फिरला नव्हता. तरीही त्यांचा अर्ज आधीचा म्हणून आमच्या इंजिनिअरांना उपग्रहाच्या संदेशांची ताकद कमी करावी लागली आणि त्यांच्या झोताचा आकार बदलावा लागला. त्यांचा उपग्रह पुढे कधीच उडाला नाही. कोणी कोणता धोका पत्करला होता, हे मला त्या मित्राला विचारायचं आहे.

दुसऱ्या एका वक्त्यांचं म्हणणं होतं की सगळे देश बसून ठरवायला लागले तर काहीच ठरणार नाही. व्हिएन्नातल्या संयुक्त राष्ट्रांच्या अवकाश समितीत शंभराहून अधिक देश आहेत आणि तिथे निर्णय सर्वसहमतीनं होतो. काम हळू चालतं, हे खरं. पण हळूपणाचं कारण गरीब देशांची गर्दी हे नव्हे. जिनिव्यात दूरसंचार संघाच्या बैठकीत मी एका छोट्या बेटाच्या देशाची तरुण प्रतिनिधी पाहिली. तिच्या शिष्टमंडळात ती एकटीच होती. एकाच वेळी तीन दालनांत तिच्या देशाशी संबंधित मसुदे चर्चेला होते. बड्या देशांचे लोक प्रत्येक दालनात वकील घेऊन बसले होते. एका दालनात तिचा मुद्दा येईपर्यंत ती दुसरीकडे गेली होती आणि मसुदा मंजूर झाला. कागदोपत्री तिच्या देशाचीही सहमती नोंदली गेली. लोकशाहीला वेळ लागतो ही तक्रार करण्याआधी तिथे लोकशाही आहे का, ते पाहावं.

हा जुना इतिहास मी उगाळत बसलेलो नाही. तोच खेळ आता पृथ्वीजवळच्या खालच्या कक्षांत सुरू आहे, आणि तिथे १९८८ सारखी कोणतीच राखीव जागा नाही. मे २०१९ मध्ये स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह एकाच रॉकेटमधून गेले. त्याच वर्षी अमेरिकेनं त्या कंपनीसाठी आणखी ३०,००० उपग्रहांचे अर्ज जिनिव्याला पाठवले. पुढच्या वर्षी चीननं सुमारे १३,००० उपग्रहांचा अर्ज केला. २०२१ मध्ये रवांडाच्या नावानं तीन लाखांहून अधिक उपग्रहांचा अर्ज आला. नोंदवही अशा अर्जांनी भरते आहे. दूरसंचार संघाच्या २०१९ च्या जागतिक रेडिओ परिषदेनं टप्पे घातले: ठरलेली मुदत संपल्यावर दोन वर्षांत दहा टक्के, पाच वर्षांत निम्मे, सात वर्षांत सगळे उपग्रह वर असले पाहिजेत. चांगला नियम आहे. कागदी अर्ज त्यानं गाळले जातील. पण ज्याच्याकडे हजारो उपग्रह झपाट्यानं वर नेण्याची ताकद आहे, त्याला हा नियम मोकळी वाट करून देतो, आणि दहा वर्षांनी येणाऱ्या देशाला काय उरेल याबद्दल तो काहीच बोलत नाही.

याची झळ आपल्या दाराशी आहे. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभारलेली मीटरवेव्ह दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. विश्वातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संदेश त्या टिपतात. स्टारलिंकच्या उपग्रहांतल्या विद्युत यंत्रणेतून नकळत रेडिओ लहरी बाहेर पडतात, असं २०२३ मध्ये युरोपातल्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, आणि ज्या फ्रिक्वेन्सींवर त्या लहरी मोजल्या गेल्या, त्यांतल्या काही आपली खोडदची दुर्बीणही वापरते. उपग्रह वर सोडताना खोडदला कोणी विचारलं होतं?

आणि लाडबोरीला? चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातलं हे गाव. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भातल्या अनेक गावांनी आकाशातून जळत जाणाऱ्या रेषा पाहिल्या. लाडबोरीच्या मोकळ्या जागेत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन आदळलं. लोकांनी पोलिसांना बोलावलं, कडं ठाण्यात गेलं. वर्षभरापूर्वी उडालेल्या चिनी लाँग मार्च रॉकेटचा तो भाग असावा, असं जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञानं सांगितलं. सुदैवानं कोणाला इजा झाली नाही. नंतर त्या भागातल्या एका शिक्षकानं मला विचारलं, ‘ते घरावर पडलं असतं तर दावा कोणाकडे लावायचा?’ १९७२ च्या दायित्व करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीची पूर्ण जबाबदारी रॉकेट सोडणाऱ्या देशावर असते. चूक सिद्ध करायचीही गरज नाही. पण दावा लाडबोरीच्या माणसाला लावता येत नाही. तो भारत सरकारनं लावायचा, तोही वर्षभरात. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टीवाला उपग्रह कॉसमॉस-९५४ कॅनडात कोसळला. कॅनडानं साठ लाख डॉलर मागितले आणि तीस लाख मिळवले, कारण तिथलं सरकार आपल्या नागरिकांसाठी उभं राहिलं. आपल्याकडे लाडबोरीच्या शेतकऱ्याला कोणत्या कायद्याचा आधार आहे? अवकाशविषयक कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये लोकांपुढे आला. अद्याप तो कायदा झालेला नाही.

आता चंद्राकडे येतो. चंद्रावर पाणी असल्याचा भक्कम पुरावा जगापुढे आला तो आपल्या चांद्रयान-१ मुळे. दक्षिण ध्रुवाजवळ २३ ऑगस्ट २०२३ ला आपण उतरलो. तिथे बर्फ आणि सूर्यप्रकाश दोन्ही एकमेकांच्या जवळ मिळतील अशा जागा मोजक्याच आहेत. त्या कोणाच्या? अमेरिकेनं २०१५ मध्ये स्वतःचा कायदा करून आपल्या नागरिकांना अवकाशातलं खनिज काढून विकायचा हक्क दिला. लक्झेंबर्ग, संयुक्त अरब अमिराती, जपान मागोमाग आले. २०२० मध्ये अमेरिकेनं आर्टेमिस करारनामा पुढे केला. खनिज काढणं म्हणजे मालकी सांगणं नव्हे, असं त्यात आहे, आणि काम चाललेल्या जागेभोवती सुरक्षा क्षेत्रं आखण्याचीही सोय आहे. जून २०२३ मध्ये वॉशिंग्टनला भारतानं त्यावर सही केली. त्याआधी संसदेत चर्चा झाली नाही. १९८२ मध्ये मात्र आपण संयुक्त राष्ट्रांच्या चंद्र करारावरही सही केलेली आहे, आणि त्यात चंद्रावरच्या संपत्तीसाठी सर्व देशांनी मिळून व्यवस्था उभारावी असं म्हटलं आहे. तो आपण आजवर मंजूर केला नाही आणि नाकारलाही नाही. दोन्ही कागदांवर आपली सही असताना आपली बाजू कोणती?

आपला फायदा होत असताना कशाला बोलायचं, असं मला दिल्लीत अनेकदा ऐकवलं गेलं. आता आपण पुढारलेल्यांत आहोत, असंही ऐकवलं गेलं. आपण तसे वागलोही: मार्च २०१९ मध्ये आपण आपलाच उपग्रह क्षेपणास्त्रानं फोडला. २०२२ मध्ये अशा चाचण्या थांबवण्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला तेव्हा आपण तटस्थ राहिलो. थुंबा जगाला देणाऱ्या देशाला हे शोभत नाही, असं मी तेव्हाही म्हणालो होतो, आजही म्हणतो.

जागा न्यायानं कशी वाटावी, याचं उत्तर आपल्याच एका गावात आहे. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या एकरांवर वाटलं नाही, घरातल्या माणसांवर वाटलं. भूमिहीनालाही वाटा मिळाला. ज्याची विहीर आधी खोल त्याला पाणी, हा हिशेब तिथे चालला नाही. अवकाशाच्या वाटपासाठी मला याहून वेगळं तत्त्व सुचत नाही, आणि १९८८ मध्ये जगानं एका कक्षेपुरतं का होईना, ते मान्य केलेलं आहे.

काय करता येईल? अवकाशाचे मुख्य आंतरराष्ट्रीय करार मराठीत, शाळेच्या ग्रंथालयात ठेवता येतील अशा रूपात यायला हवेत. एक छोटा अभ्यासगट असावा, कायद्याचे आणि विज्ञानाचे लोक एकत्र. खासदारांना एक निवेदन द्यावं. या सगळ्याचा तपशील संयोजकांसोबत बसून ठरवू. माझ्याकडच्या टिपणांच्या वह्या मी अभ्यासगटाला देईन.

तुमच्याकडून मात्र एक गोष्ट आजच मागतो. पुढची जागतिक रेडिओ परिषद २०२७ मध्ये आहे. खालच्या कक्षांत उशिरा येणाऱ्या देशांसाठी जागा राखायला हवी, हे तिथे कोणीतरी ठामपणे म्हणायला हवं. आपापल्या खासदाराला पत्र लिहा आणि विचारा: तिथे भारत कोणाच्या बाजूनं बोलणार आहे? उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा लिहा.